माधवीचं हसू आणि काळोख

आमची मैत्रीण माधवी, वय बेचाळीस, प्रौढांसाठीच्या एका छोट्या फिल्ममध्ये नायिका आहे. परवा ती फिल्म आम्ही तिच्याच घरी भिंतीवर लावून पाहिली. प्रणयाचा प्रसंग आला आणि भिंतीवर उरली नुसती उघडी पाठ. वरती सगळा काळोख.

"माझं तोंड कुठाय रे?" तिने दिग्दर्शक नितीनला विचारलं.

"अगं, अंधारात जरा सभ्य वाटतं."

"सभ्य? मी तिथे मनापासून हसलेय! ते हसू गिळलंस तू."

माझं डोकंच फिरलं. अंधाराला शालीन म्हणायची ही कसली खोड? शरीरसंबंधातल्या संमतीवर मी ढीगभर पत्रकं लिहिली, वाटली, पण संमती दिसते कुठे, हे मला त्या भिंतीने दाखवलं. ती चेहऱ्यावर दिसते. चेहरा काळोखात गेला की बाईची मर्जी जाते, मागे उरतं ते नुसतं अंग, कुणाचंही. उजेड असला की बघणाऱ्यालाही जरा माणसासारखं बघावं लागतं.

माधवी हटून बसली, म्हणून काल तो प्रसंग माझ्यासमोरच पुन्हा चित्रित झाला. पायाकडचा दिवा उशाशी आला, उजेड मऊ पडावा म्हणून त्याच्यापुढे पांढरा कपडा ताणला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर माधवी हसली, आणि माझी मान अभिमानाने ताठ झाली.

"डोळ्यांपाशी सुरकुत्या दिसतायत गं," नितीन पुटपुटला.

"दिसू देत," ती म्हणाली, "माझ्याच आहेत."