पाटीच्या मापाचं दार

आमच्या नव्या घराच्या भिंती खिडक्यांच्या वर आल्या आणि आईचं मिस्त्रीशी वाजलं.

उरणजवळच्या मोरा गावात, जुन्या घराच्याच जागेवर आम्ही बांधत होतो. जुनं घर कौलारू आणि बुटकं. आई मासे विकायची. धक्क्यावरून मासळी घेऊन ती आधी घरी यायची, निवडायची आणि मग बाजारात जायची. पण डोक्यावर पाटी असताना त्या दारातून आत शिरता येत नसे. ती बाहेर उभी राहून हाक मारायची. आमच्यातलं कुणी येऊन पाटी उतरवेपर्यंत बर्फाचं पाणी तिच्या मानेवरून पाठीवर ओघळत राहायचं.

"मला उंच दार पायजे," ती मिस्त्रीला म्हणाली.

मिस्त्री सोलापूरकडचा. "मावशी, सगळीकडं सात फुटाचंच दार असतंय. खिडक्या खाली आन् दार वर, असं कुठं बघितलंय का?"

आईने पाटी आणली, त्यात एक टोप पालथा घातला. मासळीचा ढीग तेवढाच उंच होतो. मग पाटी डोक्यावर घेऊन ती दोन भिंतींच्या मधल्या मोकळ्या जागेत ताठ उभी राहिली.

"आता घे माप. वर वीतभर जागा सोड."

मी तेव्हा कॉलेजात होते. स्टुलावर चढून टेप मीच धरला.

बाबा जासईच्या कंटेनर यार्डात कामाला होते. संध्याकाळी ते आले तसं मिस्त्रीने त्यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. बाबा आईला म्हणाले, "अगं, घराला दार लावतो का देवलाला? लोक हसतील."

"सगल्या बाजारात मान ताठ ठेवून फिरते," आई म्हणाली, "आनि माझ्याच घरात वाकून शिरू?"

बाबा मिस्त्रीला म्हणाले, "ती बोलते तसं कर."

खिडक्या मात्र बाबांच्या पसंतीच्या. वाशीतल्या फ्लॅटांत त्यांनी सरकत्या काचा पाहिल्या होत्या, तशाच आणल्या. त्या मिस्त्रीच्या सात फुटांच्या लायनीत बसल्या आणि दाराची जागा त्यांच्या वर डोकं काढून राहिली.

एवढं मोठं दार उरणच्या दुकानांत तयार मिळेना. आई मामाकडे गेली. मामा किनाऱ्यावर होड्या बांधायचा. त्याने कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "एक झडप का दोन?"

"दोन."

सागवानी चौकट तयार झाली तेव्हा मामा आणि त्याचे सोबती ती खांद्यावर घेऊन निघाले. आमच्या गल्लीच्या वळणावर ती अडली. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी शेजाऱ्यांच्या कुंपणावरून उचलून, त्यांच्या अंगणातून आणावी लागली. आळीतल्या बायका हातातली कामं टाकून बघायला आल्या. हसलं कुणी नाही.

मामाने ओळंबा लावून चौकट उभी केली. आई हळदकुंकू लावायला पुढे झाली. बाजूच्या खांबांना लावलं, पण वरच्या लाकडापर्यंत तिचा हात जाईना. मी स्टूल आणायला वळले.

"तू लाव," ती म्हणाली. "तिथवर माझा हात पोचत नाय, ते बरंच हाय."

झडपा लागल्या त्याच्या दुसऱ्या सकाळी आई धक्क्यावरून आली. मी सवयीने पाटी उतरवायला उठले. तिने हातानेच मला थांबवलं. चालीत काही फरक न करता ती उंबरा ओलांडून आत आली, सरळ मागच्या मोरीपर्यंत गेली आणि तिथे, "आता धर," म्हणाली. पाटीत पापलेटं होती. आम्ही दोघींनी ती खाली घेतली. तिची पाठ कोरडी होती.

पावसाळ्यात लाकूड फुगून झडपा घासायला लागल्या, तेव्हा मामा रंधा घेऊन आला. बाकी काही तक्रार राहिली नाही. यार्डातले लोक घर बघायला आले की बाबा आधी त्यांना अंगणातच उभं करत. पाहुणे सरकत्या खिडक्यांचं कौतुक करायला लागत, तर बाबा त्यांना थांबवून दाराकडे बोट दाखवत.

"हे बघा," ते म्हणत, "आमच्या हिच्या मापाचं हाय."