विठ्ठलवाडीपलीकडचं मैदान, पाच गॉगल आणि एक बटाटावडा

रविवारी सकाळी ठाणेकर येऊरला जातात. मी नौपाड्यातून लॅपटॉप आणि मोठी काळी छत्री घेऊन विठ्ठलवाडीकडे निघाले. पाऊस नव्हता, पण उन्हात स्क्रीन दिसत नाही. तुम्हीही जाणार असाल तर छत्री विसरू नका.

ड्रोनच्या शर्यतीत पायलट डोळ्यांवर गॉगल लावून ड्रोनच्या कॅमेऱ्यातून बघतो, त्यामुळे आपण कितवे आहोत हे त्याला कळत नाही. आमच्या क्लबात ते गायकर काका भोंग्यावरून शिव्या घालत, ओरडून सांगतात. मैदान त्यांचं, भोंगाही त्यांचाच. मी मात्र कित्येक संध्याकाळी खपून शर्यतीच्या कमानीवरचा टायमर गॉगलशी जोडला होता. ड्रोन कमानीतून गेला की फेरीची वेळ आणि नंबर थेट डोळ्यांसमोर. क्लबने मला एकच रविवार दिला होता. चाललं तर कायम, नाहीतर भोंगा. मला तर रात्री झोपही लागली नव्हती.

क्लबचा कारभारी ऋषी गाडी घेऊन आला. माणकोलीच्या पुलावरून डोंबिवली आता जवळ आलीय. तिथे मिसळ खा, तर्री वेगळी मागा. पुढे पत्रीपुलाला थोडं रखडायची तयारी ठेवा. ट्रेनने येणाऱ्यांनी बदलापूरकडची गाडी पकडावी. कसाऱ्याच्या गाडीत बसलात तर शहाडला उतरून स्वतःलाच बोल लावा.

मैदानात काका भोंगा पुसत बसले होते.

"काय गो पोरी, तुजा डबा वरडतो का?"

"नाही काका, लिहून दाखवतो."

"मंग ऐकायचं कसं?" काकांनी विचारलं.

पहिली शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीनंतर पाचही पायलट एकदम ओरडले, "मी पहिला!" त्यातल्या निखिलने तर आनंदाने ड्रोनला हवेत कोलांटी मारायला लावली. पुढच्याच क्षणी पाचही जण किंचाळले, "पाचवा? कसं काय?" दोन ड्रोन एकमेकांवर आपटले, एक मैदानाकडेला काकांनी लावलेल्या भेंडीत पडला. काकांनी शांतपणे भोंगा उचलला. मी लॅपटॉपकडे धावले.

प्रत्येक गॉगलला स्वतःचा परवलीचा शब्द लागतो. त्यावरूनच कुठला मेसेज कोणाचा हे ठरतं. शब्द गोळा करायचं काम ऋषीचं होतं.

"ऋषी, ग्रुपवर नेमकं काय लिहिलेलंस?"

"हेच की आपापला शब्द टाका, उदाहरणार्थ बटाटावडा."

"मग कोणी काय टाकलं?"

त्याने मोबाईल पुढे केला. पाचही जणांनी बटाटावडा टाकला होता, आणि ऋषीने तो इमानदारीत पाच वेळा लॅपटॉपमध्ये भरला होता. म्हणजे प्रत्येकाचा नंबर पाचही गॉगलमध्ये.

"मला वाटलं, सगळ्यांना आवडतो," तो म्हणाला.

मी त्याला छत्रीने मारणार होते. पण छत्री लॅपटॉपवर धरायची होती.

सगळ्यांना नवे शब्द दिले, चहा झाला, आणि दुसरी शर्यत अगदी बिनचूक पार पडली. ज्याचा नंबर त्यालाच दिसला. मला नाचावंसं वाटत होतं. पण गॉगल काढल्यावर सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"चाललं ना?" मी विचारलं.

"चाललं गं," निखिल म्हणाला, "पण मजा नाही आली यार. कोणी शिव्याच घातल्या नाहीत."

मग मीच लॅपटॉप काकांसमोर ठेवला. म्हटलं, मेसेज टाईप करा, तो पायलटच्या गॉगलमध्ये जातो. काका एका बोटाने टाईप करतात. पुढच्या शर्यतीत "डावीकडं खांब हाय" हे निखिलला दिसलं तेव्हा त्याचा ड्रोन त्याच खांबाला मिठी मारून बसला होता. बाकीचे हसून हसून आडवे झाले. तिथेच ठरलं, माझं यंत्र कायम आणि काकाही कायम.

शेवटच्या शर्यतीत मला बळेच उभं केलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच शर्यतीत उडवत होते.

घरी आले तेव्हा नाक उन्हाने लाल झालं होतं आणि बुटांत अर्धं मैदान होतं. आईने विचारलं, "कितवी आलीस?"

"शेवटची."

"मग एवढी खूश कशाने?"

"वळणाआधी डोळ्यांसमोर आलं, 'म्होरं वळण हाय, हलू घे गो.' अख्ख्या दिवसात काकांचा मेसेज वेळेवर पोचला तो फक्त मला. बाकीचे फार जोरात जात होते."