काकूंकडं बघून म्हण

कुसुमकाकू भांडणात ओरडायच्या नाहीत. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या गल्लीत कुणी वाईट शब्द काढला, की हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जायच्या आणि म्हणायच्या, "आता माझ्याकडं बघून म्हण." भल्याभल्यांची बोबडी वळायची.

मूळच्या त्या कन्नड गावच्या. जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला. एकट्याच राहायच्या, म्हणून वरची खोली त्यांनी इथिओपियाहून शिकायला आलेल्या दावितला दिली. गल्लीनं त्याला नाव कधी विचारलंच नाही. 'हबशी', बस्स! आया लेकरांना दम द्यायच्या, "जेव, नाहीतर हबशाला देईन." आणि वर म्हणे, आम्ही गमतीनं म्हणतो! कसली डोंबलाची गंमत?

"तिकडून माणसं धरून आणून बाजारात विकली, त्यांना हबशी म्हणायचे," काकू सांगायच्या. "त्यातलाच एक वजीर झाला. हे शहर त्यानं वसवलं, पाण्याची नहर त्यानं आणली. त्याचंच पाणी पिऊन त्याच्याच लोकांना शिव्या देता व्हय रे?"

दावित एकदा मला म्हणाला, "आमच्याकडे आम्ही स्वतःला अभिमानाने हबेशा म्हणतो. इथे तो शब्द ऐकला की घरातून निघावंसं वाटत नाही."

गणपतीत मंडळाचा अध्यक्ष संतोष दारात आला. "काकू, देखाव्यात राक्षस पाहिजे. तुमच्या हबशाला पाठवा. रंग बी फासायला नको!" सगळे खिदळले. दावित जिन्यातच होता. त्याला मराठी कळत होती. तरी हळूच म्हणाला, "जातो काकू. पहिल्यांदाच बोलावलंय." माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"त्याला वजीर करा, सिंहासनावर बसवा, मग न्या," काकू म्हणाल्या.

"तसला देखावा कोण बघंल?"

"मग मांडवाला लाईट माझ्या मीटरवरून नाय."

दरवर्षी मांडवाला जाणारी वायर त्यांनी स्वतः काढून टाकली. मंडळानं शेजारून लाईट घेतली आणि एका पोराला काळं फासून उभं केलं. लेकरं टाळ्या पिटत होती, "हबशी! हबशी!" दावित वरून बघत होता. परीक्षा झाली आणि तो पुण्याला निघून गेला. लाज वाटायला हवी होती गल्लीला. कुणाला वाटली नाही.

यंदा काकू गेल्या. दावित पुण्याहून धावत आला, खांदा द्यायला पुढं झाला. संतोषनं त्याला कोपरानं मागं सारलं. "ए हबशी, हो बाजूला. आपली माणसं हायेत."

माझं टाळकंच सटकलं. मी संतोषचा दंड धरून त्याला तिरडीपाशी ओढलं.

"आता काकूंकडं बघून म्हण."

संतोषच बाजूला झाला. दावितनं पुढचा खांदा घेतला.