भुऱ्याच्या गोळ्यांचं कॅलेंडर

गोपाळराव एकतीस वर्षं मोताळ्याच्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळत होते. तेवढ्या काळात सहा साहेब बदलले, दोनदा छत गळलं, पण त्यांच्या रजिस्टरात चुकीची तारीख पडली नाही. निरोपसमारंभात त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच निघालं, आणि ते तिन्ही वक्त्यांनी सांगितलं.

त्यामुळे भुऱ्याच्या गोळ्यांचं काम त्यांच्याकडेच आलं. भुऱ्या हा त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा. उन्हाळ्यात त्याच्या मागच्या मांडीवर बोराएवढी गाठ आली. गोपाळरावांनी महिनाभर तिला हळद-चुना लावला. ती लिंबाएवढी झाली. मग जनावरांच्या डॉक्टर निशिगंधा यांनी सुईने नमुना घेऊन अकोल्याला पाठवला. मास्ट पेशींचा कर्करोग निघाला. कुत्र्याचं हृदय थकलेलं, त्यामुळे भूल देऊन गाठ कापायची सोय नव्हती.

"काका, ही स्टेरॉईडची गोळी," डॉक्टर म्हणाल्या. "रोज सकाळी, खाण्यासोबत. गाठ बसेल, काही महिने चांगले जातील. भूक वाढेल, तहान वाढेल, ते सहन करा. पण एकदम बंद करायची नाही. कमी करायची झाली तर मी करीन."

रोज सकाळी भाकरीच्या कुस्कऱ्यात गोळी आणि कॅलेंडरवर त्या तारखेला लाल शाईची बरोबरची खूण, असं सुरू झालं. तीन आठवड्यांत गाठ चिंचोक्याएवढी झाली. भुऱ्याचं शील मात्र पार गेलं. जन्मभर तुपाशिवाय पोळीकडे न पाहणारा हा प्राणी आता देव्हाऱ्यातल्या तुपात भिजवलेल्या फुलवाती खाऊ लागला. बादलीभर पाणी पिई आणि ते घरात आठवेल तिथे सोडी.

अशात महालक्ष्म्या आल्या. मुलाच्या, श्रेयसच्या लग्नानंतर व्याही अर्जुनराव पहिल्यांदाच मलकापूरहून जेवायला येणार होते. लग्नात मठ्ठ्यात मीठ जास्त झाल्याचं त्यांनी दोनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा माइकवर.

गोपाळरावांनी आदल्या दिवसापासून गोळी बंद केली. विसर्जनापर्यंत चारच दिवस, असा हिशेब. त्या चार गोळ्या चष्म्याच्या घरात ठेवल्या. बायकोची, वासंतीबाईंची येता-जाता कॅलेंडरवर नजर असे, म्हणून खुणा मात्र रोज केल्या.

जेवणाच्या दिवशी भुऱ्या ओसरीच्या कोपऱ्यात मुटकुळं करून पडला होता. पाण्यालासुद्धा उठला नाही.

"गोपाळराव, कुत्रं लय शिस्तीचं हो तुमचं!" अर्जुनराव पुरणावर तूप घेत म्हणाले. "सोळा भाज्यायचा वास येऊन राह्यला, पण हललं नाही. आमच्या घरचं तर पानात तोंड घालते!"

"सवय लावा लागते," गोपाळराव म्हणाले, आणि हसले.

पाचव्या दिवशी सकाळी भुऱ्याला उलट्या सुरू झाल्या. गाठ लाल होऊन पुन्हा लिंबावर गेली होती. दोघांनी त्याला दवाखान्यात नेलं. वासंतीबाईंनी निघताना खिळ्यावरचं कॅलेंडरही काढून घेतलं.

डॉक्टरांनी तारखांवरून बोट फिरवलं. "एकही चुकलेली नाही."

"यायच्या हातून चुकतच नाही, मॅडम," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग गोळीचा असर संपला. या गाठीत होतं असं. आता ती देण्यात अर्थ नाही. त्याला दुखू नये, एवढंच बघू."

वासंतीबाईंनी पदर तोंडाशी नेला. गोपाळराव थोडा वेळ भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत राहिले. मग त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि चार गोळ्या टेबलावर ठेवल्या.

"मॅडम, शेवटच्या चार तारखा खोट्या आहेत."

"म्हणजे? बंद करू नका म्हटलं होतं ना, काका?"

"हाव."

"काऊन बंद केली?" वासंतीबाईंनी विचारलं.

"पाहुणे होते."

वासंतीबाई त्यांच्याकडे वळल्या. "व्याह्यांनी शिस्तीचं म्हटलं, तवा तुमी हासले होते."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गोळी पुन्हा सुरू केली. "आठ दिवसांनी कळेल. नाही बसली गाठ, तर ते या चार दिवसांमुळे की आजारामुळेच, हे मलाही सांगता यायचं नाही." गोपाळरावांनी मान हलवली. त्यांना ते सांगता येणार होतं.

घरी येऊन त्यांनी त्या चार खुणांवर काट मारली आणि बाजूला सही केली. कचेरीत खाडाखोडीला करतात तशी. दुसऱ्या दिवशी कुस्करा वासंतीबाईंनी केला. "घ्या, चारा. मी इथंच उभी आहो." खूणही त्यांनीच केली.

चौथ्या दिवशी देव्हाऱ्यातल्या फुलवाती पुन्हा गायब झाल्या. गाठीचं अजून काही म्हणता येत नव्हतं. गोपाळराव आधी ओसरीवरचं मूत पुसून आले, मग नव्या वाती वळायला बसले. वासंतीबाईंनी कापूस पुढे सरकवला.