सोयराचे दहा दिवस

तुझे सुखाचे दिवस कोणते, असं मला कुणी विचारलं तर मी काहीतरी बरं उत्तर देईन. मनात मात्र म्हणेन, बाळंतिणीच्या खोलीतले. म्हातारी चळली असं लोकांना वाटेल. त्या खोलीला एकच खिडकी, तीही गोणपाट लावून बंद केलेली. बाजेखाली शेगडी, ओव्याची नि वावडिंगाची धुरी, डोळ्यांची आग आग. पण दहा दिवस सोयर असायचं. घरातलं कुणी आत यायचं नाही. सासूबाई ताट उंबऱ्यावरून आत सरकवायच्या. आणि आत आम्ही दोघीच, मी आणि अक्का.

अक्का आमची सुईण. गावाच्या कडेला अस्पृश्यांची केरी, म्हणजे वस्ती होती, तिथून यायची. हुबळीच्या दुर्गदबैल पेठेतल्या आम्हा दुकानदारांच्या निम्म्या घरांतली नाळ तिच्या हातानं कापलेली. एरवी ती परसदाराच्या पायरीखाली उभी राहायची आणि तिला पाणी वरून ओतायचं. पण सोयरात मीच विटाळलेली, मग माझा नि तिचा विटाळ एकच झाला. ती माझं डोकं मांडीवर घेऊन तेल जिरवायची. माझ्या ताटातला भात दोघींनी खाल्ला आहे. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. माझं माहेर मिरजेकडचं, लग्न होऊन हुबळीत आले तेव्हा कानडीचं अक्षर येत नव्हतं. जी काही कानडी आली ती त्या खोलीत आली.

दुसऱ्या बाळंतपणात, सहाव्या दिवशी, मला सणसणून ताप भरला. बाहेर आमच्या दुकानापुढं विलायती कापडावरून पिकेटिंग चाललेलं, घरातली पुरुषमंडळी तिकडं. सासूबाईंनी वैद्यांना बोलावलं. समाजाच्या देवळाच्या ओवरीत ते धर्मार्थ औषध देत, आणि नाडी पाहिल्याशिवाय पुडी देत नाही असा त्यांचा बाणा होता. पण सोयराच्या खोलीत पाऊल कसं टाकणार? उंबऱ्याबाहेर पाठमोरे उभे राहून ते अक्काला म्हणाले, "तीन बोटं ठेव मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी. नाडी बेडकासारखी उडते, की सापासारखी सरपटते?"

अक्कानं डोळे मिटले. मग म्हणाली, "सरपटत्या, अप्पा. अन् पोट दाबलं की डावीकडं कळ येत्या तिला. हिकडं गरम बी लई लागतंय."

तिच्या बोटांवर विसंबून वैद्यांनी काढा दिला. रात्रंदिवस ती माझ्याजवळ बसून होती. "अंजब्याड, तंगी. म्या हाय न्हवं?" घाबरू नको, मी आहे, एवढंच म्हणत राहायची. आठव्या दिवशी ताप उतरला.

मग उरलेल्या दोन दिवसांत तिला चेवच आला. नवीन विद्या मिळाली होती ना! स्वतःची नाडी बघे, बाळाची बघे, माझी तर तासातासाला. आणि मला म्हणाली, "तू बी शीक. धर माझा हात." काळंसावळं, हाडकुळं मनगट, नाळ कापून कापून राठ झालेली बोटं. मी मनगट धरलं. पहिल्यांदा काहीच कळेना. "दाबू नगंस, नुसती ऐक," ती म्हणाली. मग नाडी लागली. संथ, बारीक, न चुकणारी. आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाईंनी बाहेरून दार वाजवलं.

अकराव्या दिवशी माझं न्हाणं झालं. खोली सारवली, गोमूत्र शिंपडलं. सासूबाईंनी वरून लुगडं नि नारळ अक्काच्या पदरात टाकला. पायरीखाली उभी राहून ती म्हणाली, "येते, अव्वार." तंगीची मी बाईसाहेब झाले होते. मला तेव्हा काही वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. काही वाटलं नाही. न्हाऊन हलकं वाटत होतं, भूक लागली होती.

पुढच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. सोमवार होता. सोवळं नेसून, नैवेद्याचं ताट घेऊन मी सासूबाईंबरोबर देवळात गेले होते. ओवरीत वैद्य पुड्या बांधत बसलेले. त्यांच्या डोक्यावर पाटी होती, औषध सर्वांस मोफत. सर्वांस म्हणजे महाद्वाराच्या आत येऊ शकणाऱ्या सर्वांस. बाकीच्यांनी दाराबाहेरून ओरडून सांगायचं, नि वैद्यांनी ऐकून पुडी बाहेर पाठवायची. त्यांची नाडी कोण बघणार? त्यांच्यापुरता वैद्यांचा बाणा सैल होता.

दाराबाहेर अक्का उभी होती. भिंतीला धरून. अर्धी झाली होती.

मला बघितल्यावर तिचा चेहरा असा उजळला की आजही तो आठवला की जेवण जात नाही. दोन पावलं पुढं येऊन तिनं हात लांब केला, मनगट वर करून. "बरं झालं तू आलीस. वराडून काय सांगू, मलाच कळंना काय हुतंय त्ये. बघ की गं, तुला येतंय. बघ अन् सांग अप्पांना."

आतून वैद्यांनी विचारलं, "काय म्हणते? नाडी कशी आहे?" त्यांनाही ती खोली आठवली असावी.

माझ्या हातात ताट होतं. पाठीमागं सासूबाई. शिवलं असतं तर घरी जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचं, पुन्हा सोवळं, पुन्हा नैवेद्य. फार तर तासाभराचा उशीर आणि चार बोल. एवढंच होतं, याहून जास्त काही नव्हतं. मी वाकले. माझी बोटं तिच्या मनगटापासून वीतभर लांब राहिली. तिथून मी वळून मोठ्यानं सांगितलं, "बेडकासारखी."

वैद्यांनी पित्ताची पुडी दिली. ती मी दाराच्या दगडावर ठेवली.

अक्कानं सगळं पाहिलं होतं. पुडी उचलून तिनं पदराला बांधली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरं, अव्वार."

श्रावण संपायच्या आत ती गेली. सासूबाई म्हणाल्या, तिचे दिवस भरले होते. भरलेही असतील. दुसऱ्या पुडीनं ती वाचली असती की नाही, हे मी ठरवणारी कोण? पण ती पुडी तरी तिच्या आजाराची असायला हवी होती.

तिसरं बाळंतपण दवाखान्यात झालं. पांढरीशुभ्र खाट, मोठ्या खिडक्या, उजेडच उजेड. मी भिंतीकडं तोंड करून रडले. नर्सला वाटलं, कळा येताहेत. मला ती धुरानं भरलेली खोली हवी होती, एका ताटातला भात हवा होता, आणि कुणीतरी तंगी म्हणायला हवं होतं. तसं पुन्हा कुणी म्हटलं नाही.

पुढं घरात कुणी आजारी पडलं की माझी तीन बोटं आपोआप त्याच्या मनगटावर जायची. सगळे म्हणत, हिला नाडी छान कळते. कुठं शिकलीस म्हणून विचारत, तर मी वैद्यांचं नाव पुढं करायची. आज सांगते, अक्कानं शिकवली, स्वतःचा हात माझ्या हातात देऊन. घरातल्या प्रत्येकाची नाडी मला कळली. त्या सोमवारी तिची कशी होती, तेवढं मला माहीत नाही.