लोखंडावरचे गंध

आवणी या तमिळ महिन्यातल्या, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, एका मंगळवारी सकाळी माझे पती गेले. मागच्या खोलीत त्यांचे मिलिंग मशीन सुटे केलेले, तसेच उघडे होते.

पुढे कितीतरी दिवस घरात उदबत्तीच्या वासाखाली दुसरा एक वास रेंगाळत राहिला, यंत्राच्या तेलाचा. खोलीचे दार लावले तरी तो फटीतून बाहेर येई. मी पुस्तक उघडून बसे आणि पान उलटण्याआधीच उठे.

मेजावर मावेल एवढे ते यंत्र. वर गरगरणारे दातेरी कटर, खाली धातू आवळून धरणारे लोखंडी टेबल. हाताने चाक फिरवावे, टेबल सरकावे आणि धातूचा थर चंदेरी किसासारखा झरत जावा! पण त्याच्या पोटातले गिअर होते प्लॅस्टिकचे. जरा खोल काप घेतला की त्यांचे दात तुटत. म्हणून यांनी ठरवले, गिअर काढायचे आणि यंत्र रबरी पट्ट्यावर चालवायचे. त्यासाठी मोटर बसवायला अ‍ॅल्युमिनियमची एक जाड पाटी हवी होती. ती त्यांनी त्याच यंत्रावर कापली, त्याच दुबळ्या गिअरांवर, थरामागून थर, त्याला न दुखवता. पाटी पुरी झाल्यावरच गिअर काढले; पट्टा चढवायचा राहून गेला.

माझे आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. पुस्तकांतून पुस्तके जन्मतात, याचे मला कधी नवल वाटले नाही. पण आपल्या अधू हातांनी स्वतःसाठीच नवा खांदा घडवणारे हे लोखंड! मग वाटते, जगातले पहिले यंत्र कुणी घडवले असेल? त्याआधी तर यंत्रच नव्हते; नुसते हात होते, थरथरणारे, चुकणारे. त्या चुकणाऱ्या हातांतून ही अचूकता कशी उतरली असेल?

यांचे हातही चुकत. यंत्र घरी आले त्या वर्षीच्या आयुधपूजेला आमच्या रिवाजाप्रमाणे विळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागले. त्या दिवशी हत्यार चालवायचे नाही, पुस्तकही वाचायचे नाही. यांनी भक्तिभावाने ओल्या चंदनाचा टिळा थेट टेबलाच्या उघड्या, घासून आरशासारख्या केलेल्या लोखंडावर लावला. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, पुसायला गेले, तर खाली तांबूस गंजाचा गोल डाग! मला वाटले, आता हळहळतील. ते हसत सुटले. म्हणाले, "आता हे आपल्या घरचं झालं." पुढे टिळा यंत्राच्या रंगवलेल्या खांबावर लागू लागला. डाग मात्र त्यांनी घासला नाही. घासला तर तेवढ्यापुरते टेबल खोलगट होईल, म्हणत.

यंदा दुखवट्याचे वर्ष, सण नाही. तिरुवैयारूहून धाकटे दीर आले. त्यांनी खोलीत डोकावून पाहिले आणि मायेनेच म्हणाले, "वैनी, उघडलेलं यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. भंगारात देऊन टाकू." मी खोलीचे दार ओढून घेतले. त्यांचे म्हणणे खरे ठरले, तर यांच्या हातचे शेवटचे काम म्हणजे एक मोडतोड, एवढेच उरणार होते.

विजयादशमीला तुळजा, आमची मुलगी, तिरुचीहून आलेली होती. गंध नाही, फूल नाही. तिने नुसता पाना उचलला. पाटी जागेवर बसली. पण तिच्यातली मोटरच्या बोल्टांची भोके गोल नव्हती, लांबट होती. ती थांबली.

"अम्मा, अप्पांचं चुकलं का गं?"

केसाएवढ्या फरकासाठी अख्खी दुपार घालवणारा माणूस चार भोके अशी सैल कापील? तुळजाने तरीही मोटर ठेवली, बोल्ट अर्धेच आवळले, पट्टा चढवला. तो लोंबत राहिला. मग तिने मोटर हलकेच मागे ढकलली. बोल्ट त्या लांबट भोकांतून सरकले आणि पट्टा ताणत ताणत सरळ झाला.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. पट्टा वापराने सैल पडतो, वर्षावर्षाने. तेव्हा मोटर जराशी मागे घ्यायची. ती जागा यांनी मोजून ठेवली होती. अचूकता म्हणजे तसूभरही जागा न सोडणे, असे मी समजत होते. पुढे काय सैल पडेल हे ओळखून त्याच्यासाठी जागा राखणे, हीसुद्धा अचूकताच ना?

तिने बटण दाबले. गिअरांचा तो खडखडाट नव्हता. पाण्याने भरलेला कालवा वाहावा तसा एकसंध, मऊ आवाज. तुळजाने फोन यंत्राजवळ नेऊन काकांना ऐकवला. पलीकडून दीर म्हणाले, "लोखंड बोलायला लागलं की, वैनी."

खोलीचे दार आता उघडे असते. यंत्र चालते. टेबलावर गंधाचा डाग आहे. लांबट भोकांत मोटर मागे सरकायला अजून बोटभर जागा आहे.