हुकूम माझा, माणसं योहानची

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि दुबईत अल क्वोजच्या एका वेअरहाउसवर सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. रविवारी संध्याकाळी आमची मराठी ख्रिस्ती मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये जमते. यंदा मंडळीला नवा एल्डर, म्हणजे कारभार पाहणारा वडील, हवा होता. गावाकडच्या चर्चच्या वरिष्ठांनी माझं नाव पाठवलं. निम्मी मंडळी म्हणाली, आम्ही मतदान करू. त्यांना सायलस हवा होता, रास अल खोरच्या भाजी मार्केटात पिकअप चालवणारा. माणसं त्याच्याभोवती गुळाला मुंगळे लागावेत तशी. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

भांडण वाढलं तेव्हा पाळकसाहेबांनी इंग्लंडच्या राज्यक्रांतीची हकिकत सांगितली. राजाविरुद्ध लढणारे बरेचसे आपल्यासारखेच कॅल्विनपंथी, म्हणजे धर्मसुधारक कॅल्विनची शिकवण मानणारे. युद्ध जिंकलं आणि आपसात फाटलं. एक गट म्हणे, सगळ्या देशावर वडीलमंडळांची एकच शिस्त हवी. दुसरा म्हणे, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. शिपायांनी तर दर रेजिमेंटमागे आपले प्रतिनिधी निवडले आणि जनरलसमोर बसून मताचा हक्क मागितला.

"फौजेत मतदान?" मी म्हणालो. "मग हुकूम कोण देणार?"

"तुमच्यासारखेच कोणी, साहेब," सायलस म्हणाला. "फक्त ते कोण, हे आम्ही ठरवणार."

मला योहान आठवला. बर्फातल्या पोस्टवर मी नायब सुभेदार, पोस्ट कमांडर. तो साधा नायक. हुकूम माझा चालायचा, पण माणसं त्याची होती. हे मला रोज टोचायचं.

एका जवानाच्या छातीत पाणी झालं. हेलिकॉप्टर येईना. सकाळी ऑर्डर आली, पेशंट खाली आणा. उतारावर ताजा बर्फ होता. मी व्हॉलंटियर मागितले. कुणी हललं नाही. योहान उठला. लगेच सगळे उठले. त्या क्षणीही मला हेवाच वाटला. त्याने तिघांना बरोबर घेतलं.

दुपारी खालच्या कॅम्पवरून रेडिओ आला.

"पेशंट पोहोचला. ओव्हर."

"पार्टी?"

"तीन आले. योहान बर्फाच्या स्लाइडमध्ये गेला. ओव्हर."

हॉलमध्ये त्या संध्याकाळी मी मतदानाला कबूल झालो. चिठ्ठ्या वाटल्या, मोजल्या. सायलस आरामात जिंकला. एक चिठ्ठी बाद झाली. तिच्यावर योहानचं नाव होतं.

"हा कोण?" सायलसने विचारलं.

"चिठ्ठी माझी आहे," मी म्हणालो. "माझ्या पोस्टवर होता. आजारी जवानाला खाली नेताना बर्फात गेला. मतदान झालं असतं, तर पोस्ट त्याचीच होती."

सायलसने प्रार्थनेआधी ते नाव मोठ्याने वाचलं. योहानला त्यांच्यातल्या एकानेही पाहिलं नव्हतं. तरी सगळी मंडळी उठून उभी राहिली. या वेळी त्यांच्याबरोबर मीही उठलो.